काटा साडेतीनला, गाडी घाटात उभी

सोमवारी पहाटे धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याचा घाट जी गाडी एकदाही न अडखळता चढत असे, तीच गाडी शनिवारी दुपारी त्याच घाटात काही वळणे गेली की झटके देऊ लागे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही कोणी मागून धरून ठेवल्यासारखी ती रेंगाळे आणि शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये रस्त्याच्या कडेला उभी राही. माझ्या पत्नीची शाळा चिखलदरा तालुक्यात आहे. सोमवारी तिला सोडायला आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आणायला मी चांदूर बाजार तालुक्यातल्या आमच्या गावाहून जात असे. मार्चअखेरपर्यंत काही तक्रार नव्हती. एप्रिलमध्ये ऊन चढले आणि हा प्रकार सुरू झाला. बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटे सावलीत थांबले की गाडी पुन्हा चालू लागे, आणि गावात आणून मिस्त्रीला दाखवावी तर तिच्यात काहीच दोष सापडत नसे.

गाडी मूळची १९९३ सालची मारुती जिप्सी आहे. तिचे मूळ इंजिन ९७० सीसीचे, कार्ब्युरेटरचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे होते. ते थकल्यावर मी त्या जागी एस्टीमचे १,२९८ सीसीचे, चार इंजेक्टर असलेले एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे, इंजिन बसवून घेतले. त्याची ताकद ८५ अश्वशक्तीच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून परवानगी घेऊन इंजिन क्रमांक आरसीवर बदलून घेतला. गिअरबॉक्सशी सांधा जुळवताना आणि वायरिंग ओढताना जी कसरत झाली, तिची हकिकत मोठी आहे आणि ती येथे नको. येथे एवढेच महत्त्वाचे आहे, की इंजिन बदलले, पण पेट्रोलची टाकी आणि चेसिसवरून पुढे येणाऱ्या दोन लोखंडी नळ्या, एक जाण्याची आणि एक परतीची, जुन्याच राहिल्या. त्या वेळी ही गोष्ट मला खटकली नाही.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली आणि आता संत्र्याची बाग पाहतो. डिझेलचे नॉझल दीड-दोनशे किलो दाबावर उघडते. ते तपासण्यात माझी हयात गेली. त्यामुळे पेट्रोलच्या इंजेक्शनचा तीन किलोचा दाब मला मनातून खेळण्यातला वाटत असे, आणि या समजुतीने माझे तीन आठवडे खाल्ले. या तीन आठवड्यांत प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, अमरावतीच्या एका वर्कशॉपमध्ये इंजेक्टर साफ करून आणले. नागपूरच्या एका दुकानदाराने फोनवरच निदान केले, की पंप कमी पडतो आहे, मोठा घ्या. त्याचे म्हणणे मला पटत नव्हते, कारण काढलेले प्लग काळे निघाले होते, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येत होता आणि स्लोमध्ये, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीचा धूर डोळ्यांत झोंबत होता. ज्या इंजिनाला पेट्रोल जास्त होते आहे, त्याला पेट्रोल कमी पडते असे कसे म्हणावे? ही दोन्ही लक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात हे मला फार उशिरा कळले.

शेवटी दाब मोजायचे ठरवले. त्यासाठी ० ते ७ किलोचा, म्हणजे १०० पाउंडापर्यंतचा, ग्लिसरीन भरलेला मीटर, इंजेक्शनच्या गाडीसाठी मिळणारी जाड होज आणि एक पितळी टी-जोड आणला. आपल्याकडे ज्याला नुसते किलो म्हणतात ते प्रत्यक्षात किलो प्रति चौरस सेंटिमीटर असते, आणि एक किलो म्हणजे सुमारे १४.२ पाउंड प्रति चौरस इंच. माझा पुतण्या माझ्या मदतीला होता. त्याने पहिलाच सल्ला दिला, "काका, कायले पैशे खर्च करता? ठिबकचा मीटर हाये ना घरी, तोच लावून पाहू." सल्ला काटकसरीचा होता, पण ठिबकच्या मीटरच्या पोटात विहिरीच्या पाण्याचा गाळ बसलेला असतो. तो गाळ इंजेक्टरच्या जाळीपर्यंत पोचला असता, तर अमरावतीची फेरी पुन्हा करावी लागली असती.

ठिबकचा मीटर दुसऱ्या कामी मात्र आला. नवा मीटर खरे बोलतो की खोटे, हे पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही ही जुनी सवय. नव्या मीटरमध्ये पेट्रोल जाण्याआधी तो कोरड्या हवेवर, पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरला, त्या दुकानातल्या मीटरशेजारी जोडून पाहिला आणि दीड किलोपर्यंत ठिबकच्या मीटरशीही ताडून घेतला. खाली तिन्ही जुळत होते. तीन किलोच्या जवळ मात्र माझा मीटर ०.१ जास्त दाखवत होता. म्हणून पुढे दिलेले आकडे तेवढे वजा करून दिले आहेत. या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तीन आकडे आहेत: इंजिन बंद आणि पंप चालू असताना २.७ ते ३.१ किलो, स्लोमध्ये २.१ ते २.६ किलो, आणि इंजिन बंद केल्यानंतर एका मिनिटात २ किलोपेक्षा अधिक.

नुसता पंप चालू असतानाचा आणि स्लोमधला या दोन आकड्यांत फरक का असतो, हे समजल्याशिवाय पुढचे काहीही समजणार नाही. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलमधले, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या सामाईक नळीतले, पेट्रोल असते आणि दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्ड. इंजेक्टर किती काळ उघडा ठेवायचा ते कॉम्प्युटर ठरवतो, पण तेवढ्या काळात पेट्रोल किती पडेल ते या दोन बाजूंच्या दाबातील फरकावर ठरते. स्लोमध्ये मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, म्हणजे इंजेक्टरच्या तोंडाशी पेट्रोल ओढले जात असते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो निर्वात जवळजवळ नाहीसा होतो. हा फरक सदैव सारखा राहावा म्हणून रेलच्या टोकाला रेग्युलेटर असतो आणि मॅनिफोल्डची एक बारीक नळी त्याच्या पडद्याच्या मागे जोडलेली असते. मॅनिफोल्डमध्ये अर्ध्या किलोची ओढ असली, तर रेग्युलेटर रेलचा दाबही अर्ध्या किलोने उतरवतो, आणि नको असलेले पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत सोडतो. त्यामुळे स्लोमध्ये ती बारीक नळी काढली की काटा अर्ध्या किलोने वर चढला पाहिजे. रेग्युलेटर जागा आहे की नाही याची ही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

मीटर जोडण्याआधी लाइनमधला दाब उतरवणे आवश्यक असते, आणि हे काम घाईचे नाही. गाडी अंगणाच्या बाहेर, चिंचेखाली मोकळ्या हवेत लावली, स्वयंपाकघरापासून आणि बिडी ओढणाऱ्या सालदारापासून लांब. पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, काढून गाडी सुरू केली. ती काही सेकंदांत आपोआप बंद पडली. नंतर दोनदा सेल मारून रेलमध्ये उरलेले पेट्रोल संपवले, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, सांध्यावर जाड फडके धरले आणि मगच क्लिप सैल केली. एवढे करूनही वाटीभर पेट्रोल फडक्यात उतरले. पावडरचा अग्निशामक जवळ ठेवला होता. फिल्टरकडून रेलकडे जाणारी होज सोडवून मध्ये टी-जोड बसवला. होजसाठी साधी पेट्रोलची नळी मी वापरली नाही, कारण कार्ब्युरेटरच्या गाडीत पाव किलोचा दाब सहन करणारी नळी तीन किलोला फुगते आणि गरम इंजिनावर फुटली तर पुढचे सांगण्याची गरज नाही. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. माझ्या गाडीतल्या एका जुन्या तुकड्याला दुमडताच बारीक चिरा दिसल्या, तो तेव्हाच बदलला.

चाबी फिरवली, पंप दोन सेकंद गुणगुणला आणि काटा ३.४ वर जाऊन थांबला. गाडी सुरू केली, स्लोमध्येही ३.४. मिस्त्री शेजारी उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, पंप तं एक नंबर हाये. काटा पाहा ना, साडेतीनले चिकटला. आता पंपाले कायले नावं ठेवता?" मलाही तसेच वाटले. दाब पुरेसा नव्हे तर जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याचा प्रश्नच नाही, असा निष्कर्ष आम्ही दोघांनी उभ्या-उभ्या काढला. रेग्युलेटरची बारीक नळी काढून पाहिली तर काटा हलला नाही, ३.४ वरच राहिला. यावरून रेग्युलेटर अडकला आहे असे मी ठरवले, परतवाड्याहून नवा मागवला, बसवला आणि पुन्हा मोजले. पुन्हा ३.४. नळी काढा, लावा, काटा ढिम्म. नव्या रेग्युलेटरचे पैसे गेले ते गेले. पण खरी चूक पैशांची नव्हती. काटा हलत नाही याचा अर्थ रेग्युलेटर खराब आहे असाच होत नाही. रेग्युलेटरला करण्यासारखे काही उरलेलेच नाही असाही होऊ शकतो.

ते कसे, हे दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडले. पुन्हा सर्व दाब उतरवून रेग्युलेटरच्या बुडाशी असलेली परतीची होज लोखंडी नळीतून सोडवली आणि एक लांब होज जोडून तिचे तोंड लांब ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात सोडले. गाडी सुरू केली. काटा २.४. रेग्युलेटरची बारीक नळी काढली, काटा २.९. लावली, पुन्हा २.४. मी काढलेला जुना रेग्युलेटर पुन्हा बसवून पाहिला, त्यावरही तेच आकडे आले. म्हणजे रेग्युलेटर पहिल्यापासून निर्दोष होता. त्याने कितीही दार उघडले तरी पुढची गल्लीच बंद होती. परतीच्या लोखंडी नळीचे तोंड उजेडात धरले तेव्हा आत एक छोटी पितळी जेट दाबून बसवलेली दिसली, आणि तिचे भोक जेमतेम एक मिलिमीटरचे होते. कार्ब्युरेटरच्या काळात ती तेथे असणे बरोबर होते. यांत्रिक पंप पाव किलोने पेट्रोल ढकलणार, त्यातले थोडेसे वाफेसकट टाकीत परत जावे आणि बाकीचे कार्ब्युरेटरला मिळावे, यासाठी तेवढे भोक पुरते. इंजेक्शनच्या इंजिनात मात्र पंप नेमाने एकाच जोराने पेट्रोल पाठवतो आणि स्लोमध्ये त्यातले जवळजवळ सगळे परत जायचे असते. ते सगळे त्या एका मिलिमीटरच्या भोकातून जायला ३.४ किलोचा रेटा लागत होता, आणि तोच आकडा आम्ही पंपाच्या तब्येतीचा दाखला म्हणून वाचत होतो.

काळ्या प्लगांचा उलगडा तेथेच झाला. स्लोमध्ये इंजेक्टरवरचा फरक २.९ किलो असायला हवा. येथे रेलमध्ये ३.४ आणि त्यात मॅनिफोल्डची अर्ध्या किलोची ओढ मिळून तो ३.९ होत होता. पेट्रोलचा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हिशेबाने सुमारे १६ टक्के पेट्रोल जास्त पडत होते. जेट काढून टाकणे जमले नाही, ती गंजाने धरली होती; म्हणून परतीसाठी ८ मिलिमीटरची नवी नळी टाकीपर्यंत ओढली. स्लो सुधारला, वास गेला, डोळ्यांची जळजळ थांबली. त्या शनिवारी मी मोठ्या विश्वासाने घाटाला निघालो आणि नेहमीच्याच वळणावर उभा राहिलो.

चूक आता दिसत होती. मी मोजले ते चिंचेच्या सावलीत, सकाळी, उभ्या गाडीत. गाडी बंद पडत होती ती उन्हात, चढावर, पूर्ण भाराखाली. ताप रात्री येतो म्हणणाऱ्या रोग्याची नाडी सकाळी पाहून औषध देण्यासारखेच ते होते. मीटर गाडीबरोबर घाटात न्यायला हवा होता. काही जण त्यासाठी मीटरची होज सरळ केबिनमध्ये घेतात. तसे कोणीही करू नये, कारण सांधा निसटला तर तीन किलो दाबाचे पेट्रोल माणसाच्या मांडीवर येईल. मी लांब होज बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढून मीटर समोरच्या काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटपट्टीने घट्ट बांधला, होज कोठेही गरम भागाला किंवा पंख्याला लागणार नाही हे दोनदा पाहिले, आणि पुतण्याला शेजारी बसवून आकडे मोबाइलवर बोलून नोंदवायला सांगितले. आदल्या आठवड्याची परिस्थिती हुबेहूब राहावी म्हणून टाकी मुद्दाम निम्म्यापेक्षा कमी ठेवली आणि दुपारी दीडला निघालो.

पायथ्यापर्यंत आकडे पुस्तकातल्यासारखे होते: सपाट रस्त्यावर २.५ ते २.६, ॲक्सिलरेटर दाबला की २.९. चढाच्या सुरुवातीलाही २.९. मग सुमारे सात मिनिटे तिसऱ्या गिअरमध्ये सलग चढल्यावर पुतण्याचा आवाज बदलला. "काका, सव्वादोन... दोन... आता तं काटा नाचून राह्यला!" पुढच्या क्षणी पहिला झटका बसला. काटा १.६ वर उतरला आणि तेथे थरथरत राहिला. मी लगेच पाय काढला, कारण भाराखाली असलेल्या इंजिनाला पेट्रोल कमी मिळाले तर आतले तापमान वाढते, ठोके येतात आणि पिस्टन-व्हॉल्व्हचे नुकसान होते. २.९ च्या जागी १.६ म्हणजे वर्गमूळाच्या हिशेबाने चौथा भाग पेट्रोल कमी. जे इंजिन घरी स्लोमध्ये १६ टक्के जास्त पीत होते, तेच घाटात २५ टक्के उपाशी राहत होते.

आकड्यापेक्षा काट्याचे थरथरणे अधिक बोलके होते. फिल्टर तुंबला असता, तर दाब हळूहळू आणि स्थिर उतरला असता. थरथर म्हणजे पेट्रोलबरोबर वाफ किंवा हवा पुढे जात आहे. चढावर पेट्रोल टाकीत मागे सरकून ओढनळीचे तोंड उघडे पडत असेल, अशी शंका मनात होती. ती फेडायला दुसऱ्या दिवशी भर दुपारी परतवाड्याच्या बाहेरच्या सपाट रस्त्यावर, तेवढ्याच पेट्रोलावर, मागे संत्र्याच्या क्रेटमध्ये माती भरून आणि ब्रेक किंचित लावून इंजिनावर भार टाकला. दहा मिनिटांत काटा तसाच उतरला. म्हणजे चढाचा दोष नव्हता. दोष उष्णतेचा आणि भाराचा होता. ब्रेक लावून चालवण्याचा हा उपाय ब्रेकच्या मुळावर येणारा आहे, पुन्हा करावासा वाटला नाही.

मग पंपाकडे वळलो. मल्टिमीटर पंपाच्याच दोन टोकांवर लावून इंजिन चालू असताना मोजले: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपावर १०.९. पंपाची वायर बसवणाऱ्याने चाबीच्या स्विचमधून, घरातल्या बेलला शोभेल अशी बारीक, ओढली होती आणि जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच संपत होते. सापडले, असे म्हणून मी बॅटरीवरून रिलेमार्गे २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, फ्यूज दिला आणि निगेटिव्ह थेट चेसिसला स्वच्छ घासून जोडला. पंपावर १३.५ व्होल्ट आले. पुन्हा घाटात गेलो, आणि या वेळी काटा सात मिनिटांऐवजी पाचव्याच मिनिटाला पडला.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मी मिस्त्रींशी वाद घातला. सुधारणा करून गाडी बिघडते कशी, असे ते विचारत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर मिळाले ते पंप बसवलेल्या जागेकडे पाहताना. जुना यांत्रिक पंप इंजिनाला जोडलेला होता, म्हणून बसवणाऱ्याने विजेचा नवा पंपही पुढे, बॉनेटखाली, जुन्या नळीच्या टोकालाच लावला होता. यांत्रिक पंपाला तासाला काही लिटरच ओढायचे असत. विजेचा पंप ढकलण्यात भीम आणि ओढण्यात दुबळा असतो. त्याची जागा टाकीच्या जवळ आणि शक्यतो पेट्रोलच्या पातळीच्या खाली असली पाहिजे. येथे तो टाकीपासून गाडीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याला पेट्रोल ओढावे लागत होते ते सहा मिलिमीटरच्या, सायलेन्सरच्या पाइपाशेजारून जाणाऱ्या लोखंडी नळीतून. पेट्रोल हे पाण्यासारखे एकाच तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके भाग ४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात, आणि ओढीने दाब कमी झाला की त्याच्याही आधी. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा आठव्या भागाने कमी असतो, ही त्यात भर. जास्त व्होल्टेज मिळालेला पंप जोरात ओढू लागला, ओढ वाढली तशी वाफही वाढली आणि काटा लवकर पडला. नागपूरच्या दुकानदाराचे ऐकून मोठा पंप घेतला असता, तर तो आणखी लवकर पडला असता.

हे नुसते तर्काने न सोडता मोजून घेतले. आयटीआयच्या दिवसांपासून जपलेला व्हॅक्यूम मीटर पंपाच्या अलीकडे, ओढीच्या बाजूला जोडला. तेथे जवळजवळ शून्य दिसायला हवे; दिसले ते १८ सेंटिमीटर पाऱ्याइतके, म्हणजे सुमारे पाव किलोची ओढ. नुसत्या नळीच्या लांबीने एवढी ओढ येत नाही, म्हणून टाकी उतरवली. ओढनळीच्या टोकाची जाळी तांबूस गाळाने लिंपलेली होती. जुन्या टाकीतला गंज वर्षानुवर्षे तळाशी निवांत बसला होता. परतीच्या पेट्रोलचा सततचा झोत सुरू झाल्यावर तो ढवळून जाळीत जमला, असा माझा अंदाज आहे. टाकी उतरवण्यापूर्वी प्रवाहही मोजला होता. परतीची होज डब्यात सोडून पंप थेट जोडणीने ३० सेकंद चालवला, तर सकाळी थंड असताना ४२० मिलिलिटर आणि घाटातून उतरल्याबरोबर १५० मिलिलिटर. दीडशे म्हणजे तासाला १८ लिटर. या इंजिनाला पूर्ण भाराखाली तासाला अंदाजे २५ लिटर लागतात. हिशेब जुळला. मात्र गरम गाडीजवळ पेट्रोल डब्यात काढण्याचा प्रयोग धोक्याचा आहे. मी लांब होज लावून डबा मागे बराच दूर ठेवला होता आणि तरीही पत्नीने त्यावर दोन दिवस अबोला धरला, तो योग्यच होता.

दुरुस्तीचे काम सांगण्यासारखे फार नाही. टाकी धुऊन, वाळवून, गंज काढून बसवली. पंप मागे नेऊन चेसिसच्या आतल्या बाजूला, टाकीच्या तळाच्या पातळीला, रबरी बुशात बसवला. टाकी ते पंप १२ मिलिमीटरची होज आणि मध्ये जाड जाळीचा फिल्टर दिला. पंपाच्या पुढे इंजेक्शनचा बारीक फिल्टर. पुढे जाणारी नळी नवी, ८ मिलिमीटरची, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेली आणि जेथे दोन्ही जवळ येतात तेथे ॲल्युमिनियमचा पत्रा आड लावला. प्रत्येक होजला इंजेक्शनच्या गाडीची गोल क्लिप घातली, कारण साधी दात्यांची क्लिप जास्त आवळली की रबरात रुतते. पंप वेळेत थांबावा म्हणून त्याचा रिले एस्टीमच्या कॉम्प्युटरच्या मूळ तारेवरूनच चालवला. इंजिन बंद पडूनही पंप चालू राहणारी जोडणी अपघातात जीव घेऊ शकते.

नवे आकडे असे आले. चाबी फिरवल्यावर २.९. स्लोमध्ये २.४, बारीक नळी काढल्यावर २.९. बंद केल्यानंतर एका मिनिटाने २.३, म्हणजे इंजेक्टर आणि पंपातला पेट्रोल मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह दोन्ही शाबूत. ओढीच्या बाजूचा व्हॅक्यूम मीटर जेमतेम २ सेंटिमीटर. ३० सेकंदांत ७६० मिलिलिटर, आणि गरम असताना ७३०. त्यानंतरच्या शनिवारी, पाव टाकी पेट्रोलवर, दुपारी दोन वाजता मीटर काचेवर बांधून घाट चढलो. पुतण्या वळणागणिक आकडा बोलत होता: २.९, २.९, २.८, २.९. माथ्यावर पोचेपर्यंत त्याला कंटाळा आला आणि त्याने मोबाइल बंद केला. "आता काय पाहू, काका? काटा हालूनच नाई राह्यला."

उतरताना पत्नी मागच्या बाकावर बसली होती. काचेवर बांधलेल्या मीटरकडे पाहून, हे असे किती दिवस राहणार, एवढेच तिने विचारले. घरी आल्यावर दाब उतरवून मीटर आणि टी-जोड दोन्ही काढले आणि होज पुन्हा अखंड जोडली. मीटर कायम ठेवण्याचा मोह होत होता, परंतु टी-जोड म्हणजे गळतीच्या तीन नव्या जागा, आणि ग्लिसरीनचा मीटर इंजिनाच्या थरथरीत वर्षानुवर्षे टिकण्यासाठी बनवलेला नसतो. सांधे साबणाच्या पाण्याने तपासले, गाडी अर्धा तास चालवली, खाली कोरडा पुठ्ठा ठेवून रात्रभर उभी केली. सकाळी पुठ्ठा कोरडा होता.